पुरे म्हणणारा हात

खोपोलीच्या आमच्या कारखान्यात आवाज एवढा, की शेजारच्या माणसालाही कानात ओरडून सांगावं लागे. वर क्रेन चालवणाऱ्याशी तर हातानंच बोलायचं. ते हाताचं बोलणं नव्या माणसांना शिकवायचे खलीलभाय. माणूस शिडशिडीत, जिभेनं तिखट, मनानं मऊ.

चौऱ्याहत्तर साली पोशीर गावचा नवशा कामाला लागला. भातशेतीतला गडी, बिचारा गरीब गाय. पहिल्याच महिन्यात त्यानं घोळ घातला. जेवताना भात नको झाला की आपण पालथा पंजा ताटावर हलवतो ना, 'पुरे, पुरे' करत? लोखंडी प्लेट थांबवायला त्यानं तस्साच पंजा हलवला. क्रेनच्या भाषेत पालथा पंजा हलला की 'खाली सोड', स्थिर राहिला की 'थांब'. प्लेट उतरली ती खलीलभायच्या डाव्या पायावर. दोन बोटं गेली.

साहेब नवशाला काढणारच होते. खलीलभाय कुबडी टेकत ऑफिसात आले. "चूक त्याची नाय साहेब, सवयीची हाय. पंधरा दिवस द्या. नाय शिकला तर काढा." मी तिथंच होतो. मला रागच आला. अहो, पाय तुमचा गेला! पण ऐकतील तर ते खलीलभाय कसले.

त्यांनी नवशाच्याच बैलाचे घुंगरू त्याच्या मनगटाला बांधले. काम सुटल्यावर बाहेर शांततेत पाठ फिरवून बसायचे नि म्हणायचे, "थांबव!" हात आडवा, पंजा पालथा, आणि घुंगरू गप्प. जरा छुम झालं की, "गेला रं माझा पाय!" घरी नवशाच्या बायकोलाही सांगून ठेवलं, "भागी, घुंगरू गप होईस्तवर वाढत राव गं." पहिले चार दिवस ताटात भाताचा डोंगर. भागी आधी हसली, मग तांदळाच्या डब्यात डोकावून वैतागली. दहाव्या दिवशी नवशा वेळेवर जेवून उठला.

परीक्षेच्या दिवशी घुंगरू नव्हते. प्लेट वर टांगली होती, साहेब कागद घेऊन उभे, आणि नवशाचा हातच उठेना. खलीलभायच्या कानात ओरडला, "माझ्याच्यानं नाय व्हायचं, खलीलभाय. परत कुनाचा पाय..."

टांगलेल्या लोखंडाजवळ जायचं नाही, हा त्यांचाच पहिला धडा. तो मोडून ते लंगडत त्याच जागी गेले आणि तोच डावा पाय प्लेटच्या कडेखाली ठेवला. वेडेपणाच तो, आजही म्हणेन. साहेब ओरडले, पण त्या गोंगाटात ऐकतंय कोण! खलीलभायनी मानेनं 'चल' केलं, तेव्हा कुठं नवशानं पंजा हलवत प्लेट खाली बोलावली. ती येत राहिली.

नवशाचा हात आडवा झाला. प्लेट पायापासून वीतभर वर थांबली.

खलीलभायनी पाय काढून घेतला. साहेबांनी सही केली. नवशा मात्र तसाच उभा, गालांवरून पाणी वाहतंय, पण हात तसूभर हलत नाही. शेवटी खलीलभाय त्याच्याजवळ गेले, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "पास झालास रं. आता डोळे पुसायला तरी खाली घे."