खविसाचा मुखवटा

अनंत पोतनीस पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला आणि ताक वाढायच्या आत त्याने माझ्या नवऱ्याला हॉलमध्ये उचलून आपटलं. चूक शिरीषचीच होती. ऑफिसमधला हा नवा मित्र मेक्सिकन कुस्ती बघतो हे कळल्यावर तो सहज म्हणाला, "ते सगळं खोटं असतं ना रे?" अनंतने हात धुतले, टीपॉय भिंतीला सरकवला, शिरीषला चष्मा काढायला सांगितला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, परवानगी आहे?" मला वाटलं, हा काहीतरी समजावून सांगणार. मी मान हलवली. पुढच्या क्षणी शिरीषचे पाय छताकडे गेले आणि पाठ गालिच्यावर आदळली. शोकेसमधले ग्लास किणकिणले.

शिरीषला लागलं होतं; पुढे दोन दिवस त्याची पाठ शेकावी लागली. पण मी धावत जाऊन वाकले तेव्हा दिसलं, की अनंतचा पंजा शिरीषच्या डोक्याखाली होता. डोकं फरशीवर आपटलंच नव्हतं, अनंतची बोटं आपटली होती आणि सोलवटली होती. "मार खरा असतो," तो बोटं झटकत म्हणाला. "ठरलेला असतो तो फक्त निकाल. आणि मारणाऱ्यानं सांभाळायचं असतं." मग त्याने ताक मागितलं. मी त्याला आधी डेटॉल दिलं.

हा माणूस दिसायला अगदी बँकेच्या रांगेत आपल्या पुढे उभा असावा तसा. पन्नाशीला टेकलेला, मूळचा मिरजेचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पर्थला. ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात, स्टेशनजवळ, एका लहान फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. ऑफिसात त्याला सगळे अँडी म्हणत. अनंत म्हणायला काय जड आहे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "त्यांना सोपं पडतं. मलाही पडतं. अँडीला कुणी फारसं काही विचारत नाही."

मेक्सिकोतली शुक्रवारची रात्र म्हणजे आमची शनिवारची दुपार. म्हणून त्या कुस्त्या आमच्याकडे जेवणाच्या वेळी लागायच्या. हळूहळू तो शिरस्ताच पडला. कोण काय आणणार याचा तक्ता मी फ्रिजवर लावला, कारण त्याशिवाय चार जण चार डबे दहीभात आणतात. नेमाने येणारी चौथी म्हणजे मीनल. ती दातांची डॉक्टर. पडद्यावर कुणाचा दात उडाला की ती चमचा खाली ठेवून उठायची आणि टीव्हीला नाक लावून सांगायची, हा खरा की तोंडात धरलेली गोळी.

मी आधी फक्त पोळ्यांपुरती त्या खोलीत असायचे. मग गुंतले. कार्बोनेरो नावाचा काळ्या मुखवट्याचा सज्जन पैलवान होता आणि त्याचा वैरी दोक्तोर सालित्रे, पांढऱ्या कोटात यायचा. दोक्तोर म्हणजे पक्का रूडो. रूडो म्हणजे नियम तोडून मारणारा. एका शनिवारी त्याने कार्बोनेरोचा मुखवटा कपाळावर फाडला आणि त्या फटीतून दातांनी चावा घेतला. रक्त हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून चटईवर. माझ्या हातात आमटीची पळी तशीच राहिली. पुढचा आठवडा आमच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. मीनलच्या मते कपाळ आधीच ब्लेडने चिरलेलं होतं. शिरीष म्हणे, दोक्तोर कंपनी सोडतोय, त्याला जाता जाता बदनाम करताहेत. मी म्हटलं, तो उजवा खांदा वाचवतोय, तीन आठवडे डावीकडूनच मारतोय. अनंतने मला मेसेज केला: "वहिनी, आता तुम्ही कामातून गेलात."

त्या कुस्तीतला सगळ्यात मोठा डाव पैशांचा किंवा विजेत्याच्या पट्ट्याचा नसतो. एकजण मुखवटा पणाला लावतो, दुसरा केस. केसवाला हरला तर त्याचं डोकं रिंगमध्येच लोकांसमोर भादरतात. मुखवटेवाला हरला तर त्याने मुखवटा काढून जिंकणाऱ्याच्या हाती द्यायचा, माइक घ्यायचा आणि तीन गोष्टी सांगायच्या: खरं नाव, गाव, किती वर्षं लढलो. मग तो मुखवटा पुन्हा घालता येत नाही. पुढे लढायचं तर उघड्या तोंडाने. कार्बोनेरो पुढेमागे मुखवटा पणाला लावणार अशी बातमी आली, त्या दिवशी अनंत जेवला नाही. "कपाटात ठेवायला नसतो तो," एवढंच म्हणाला. "हरायला असतो."

कार्बोनेरोबद्दलच तो बोलतोय असं आम्ही समजलो. महिनाभराने त्याने आम्हाला गाडीत घातलं आणि जवळच्या डँडेनाँगला एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. फरशा बसवणारा एक मेक्सिकन तिथे रविवारी दुपारी कुस्त्या लावायचा. खुर्च्या भरलेल्या, सॉसेजचा वास, पोराबाळांचा गोंगाट. आम्हाला पुढच्या रांगेत बसवून अनंत गायब झाला. थोड्या वेळाने निवेदकाने आरोळी दिली, एल खवीस! आणि काळ्या मुखवट्यावर लाल जीभ शिवलेला, पोट सुटलेला एक माणूस दोऱ्यांखालून आत शिरला. चालण्यावरून मी ओळखलं. शिरीषने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

समोर डिलन. धंद्याने प्लंबर, कमरेपर्यंत केस, रिंगमधला रूडो. त्याने खविसाच्या उघड्या छातीवर पंजे मारायला सुरुवात केली. प्रत्येक फटक्याला ओल्या कपड्याने दगड बडवल्यासारखा आवाज यायचा आणि छातीवर पाच बोटं उमटायची. ती रात्रीपर्यंत जांभळी झाली. डिलनने त्याला खांबावर आदळलं, केसांनी गळा आवळला, खुर्ची मारली. परतताना गाडीत मी विचारलं, दुखत नाही? "दुखतं की." मग भीती? तेव्हा त्याने मला ती खूण सांगितली. पकडीत आवळलेलं असताना मारणारा समोरच्याचा हात हळूच दाबतो. ठीक असेल तर त्याने उलट दाबायचा. लोकांना दिसत नाही. "डिलन एकही डाव मला विचारल्याशिवाय पुढे नेत नाही," तो म्हणाला. "माझ्या आयुष्यात इतकी चौकशी कुणी केलेली नाही, वहिनी."

दीड-दोन वर्षांनी त्याच्या मानेचा फोटो निघाला. डॉक्टरने सांगितलं, मणके झिजलेत, कुस्ती आजपासून बंद. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. मी त्याला फिजिओची वेळसुद्धा घेऊन दिली. त्याने मात्र शनिवारी पानावरून जाहीर केलं, की एक शेवटची लढत होईल. खविसाचा मुखवटा विरुद्ध डिलनचे केस. हरणार मीच, ठरलंय. त्या पोराचं नाव होईल.

मी त्याला खूप बोलले. मान मोडली तर कोण बघणार, मुलीला काय सांगू, मिरवायचाच तर मुखवटा फ्रेम करून लाव. तो शांतपणे भाजी वाढून घेत राहिला. "मास्क ठेवून दिला तर खवीस कुठे गेला हे कुणाला कळणारच नाही," तो म्हणाला. "निदान सांगून तरी जाऊ दे त्याला." मग म्हणाला, माझ्या कोपऱ्यात तुम्ही उभ्या राहा. कोपऱ्यातल्या माणसाच्या खांद्यावर टॉवेल असतो. त्याने तो रिंगमध्ये फेकला की कुस्ती तिथेच थांबते आणि आपला माणूस हरतो. मीच का, असं विचारल्यावर म्हणाला, "शिरीष रडेल, मीनल शूटिंग करेल. तुम्ही बघाल."

तर मी उभी राहिले. बॅगेत बर्फाच्या पिशव्या, बँडेज, कात्री, मेडिकेअर कार्ड, कोरडा शर्ट. खांद्यावर पांढरा टॉवेल.

तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या होत्या. पहिली डिलनने घेतली, खविसाला तोंडावर पाडून पाठीत गुडघे रोवले. दुसऱ्या फेरीत खवीस वरच्या दोरीवर चढला आणि बाहेर उभ्या डिलनवर त्याने देह झोकून दिला. दोघे खुर्च्यांच्या रांगेत घुसले. लोक पत्रे बडवत होते. डिलनची भुवई फुटली आणि ती फेरी खविसाला मिळाली. त्याने रागाने मुखवटा ओरबाडला आणि कपाळाशी फाडला. आतून रक्त आलं, लाल जिभेवरून ओघळलं. मागून मीनलचा आवाज आला, "ब्लेड नाही हं, खरं आहे."

तिसऱ्या फेरीत डिलनने त्याला उलटा उचलला. डोकं खाली, पाय वर. हा डाव मी टीव्हीवर कितीदा पाहिलेला. खाली आणणारा गुडघ्यांच्या आत डोकं धरून ठेवतो. पण दोघे घामाने आणि रक्ताने निथळत होते. पकड सुटली. अनंत डोक्यावर आला. फळ्यांचा धडाड आवाज सगळ्यांनी ऐकला. त्याच्या आत आणखी एक लहान आवाज होता.

लोक उठून ओरडायला लागले. "काय ॲक्टिंग करतो हा माणूस," मीनल हसत म्हणाली आणि फोन उंच धरला. दोन-अडीच वर्षं आम्ही शनिवार शनिवार तेच करत आलो होतो, खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते निवडत बसलो होतो. डिलन गर्जना करून त्याच्या अंगावर पडला, दोन्ही दंडांत त्याचं डोकं आवळलं. माझं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. त्याने अनंतची बोटं धरली आणि दाबली. थांबला. पुन्हा दाबली. मग केसांच्या जटांतून त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी टॉवेल फेकला.

पंचाला तो नाटकाचाच भाग वाटला. त्याने टॉवेल पायाने बाहेर ढकलला आणि लोक खूश झाले. मला शिट्ट्या पडल्या. मी दोरीखालून आत शिरले आणि गुडघ्यांवर बसले. जवळून दिसलं, की गळा आवळलेला नव्हताच. डिलनने दोन्ही हातांनी मान दगडासारखी स्थिर धरली होती. "ॲम्ब्युलन्स," तो ओठ न हलवता म्हणाला. "मी सोडणार नाही याला." मी मागे वळून मीनलला फोन लाव म्हणून सांगितलं. माझा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. मग एकेक खुर्ची गप्प झाली.

"वहिनी, माइक," अनंत खालून म्हणाला.

मी म्हटलं, हलू नकोस, बोलू नकोस.

"मान हलत नाहीये. तोंड हलतंय. माइक द्या."

मी निवेदकाकडून माइक घेतला आणि मुखवट्याच्या फाटक्या तोंडाशी धरला. डिलन तसाच त्याच्यावर पसरून डोकं धरून होता, त्याच्या भुवईतलं रक्त लाल जिभेवर टपकत होतं. अनंतने मराठीतच सांगितलं. "माझं नाव अनंत रघुनाथ पोतनीस. गाव मिरज. कुस्तीला चार वर्षं." त्या शेडमध्ये ते शब्द कुणाला कळले नसतील. तरी सगळे उभे राहिले आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुणी बसलं नाही. मुखवटा शेवटी ॲम्ब्युलन्सवाल्या बाईने कात्रीने कापून काढला.

मानेचं हाड तडकलं होतं, पण नस वाचली. डाव्या हाताची बोटं बरेच महिने बधिर राहिली. डॉक्टर म्हणाले, त्या वेळी मान ज्याने धरली त्याने हा माणूस वाचवला. दोन दिवसांनी डिलन वॉर्डात आला तो गुळगुळीत डोक्याने. टॉवेल पडला म्हणून कुस्ती थांबली, ती काही मी जिंकलो नाही, मुखवटाही कात्रीने गेला, मग घरीच केस उतरवले, असं त्याने सांगितलं. पट्ट्यात मान अडकलेला अनंत इतका चिडला की नर्स धावत आली. बाथरूममध्ये कापलेले केस म्हणजे नुसती हजामत, असं त्याने त्याला इंग्रजीत खडसावलं. टॉवेल पडला की मी हरलो, नियम आहे. उशीखालचे मुखवट्याचे दोन तुकडे मला काढायला लावून त्याने ते डिलनच्या हातात कोंबले.

ऑफिसात परतल्यावर कुणी अँडी म्हटलं की तो थांबवायचा आणि स्वतःचं नाव सांगायचा. कंटाळत नसे. मी त्याला छेडलं तर म्हणाला, "नाव सांगून झालंय ना. आता मागे जाता येत नाही." शनिवारी तो पट्टा लावून यायचा आणि मान वळत नाही म्हणून टीव्हीच्या बरोबर समोरची खुर्ची बळकावायचा.

गेल्या हिवाळ्यात तो हृदयविकाराने गेला, स्टेशनवरून घरी चालत येताना. मुलगी पर्थहून आली, बाकीचं आम्ही पाहिलं. तुळस, गंगाजल, गुरुजींचा नंबर, फुलं, वाटायचं पाणी; माझी यादी पुरी होती. ऑफिसातले लोक आले आणि एकेक जण चाचरत का होईना, अनंत म्हणाला. डिलन सगळ्यांत शेवटी पुढे आला. केस मानेपर्यंत वाढले होते. त्याने खिशातून मुखवटा काढला, मासे पकडायच्या दोऱ्याने जाड टाके घालून सांधलेला. ठेवू का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तुझा आहे, तू ठरव. त्याने तो तोंडावर ठेवला नाही, छातीवर ठेवला.

मग त्याने अनंतचा डावा हात हातात घेतला आणि दाबला. थांबला. पुन्हा दाबला. आणि मान वर करून, त्या दिवशी पाहिलं होतं तसं, माझ्याकडे पाहिलं.

यादीतलं सगळं माझ्या बॅगेत होतं. टॉवेल नव्हता.