सासूबाईंचा लेखक

माझ्या सासूबाईंनी जन्मभर एकाच लेखकाला मानलं आणि तो कऱ्हाडचाच, अशी त्यांची खात्री होती. देव आहे की नाही यावर त्या वाद घालू देत, यावर नाही. कऱ्हाडला प्राथमिक शाळेत शिकवत असताना कपाटात त्यांना एक पुस्तक सापडलं होतं. पहिली पानं गायब, त्यामुळे लेखकाचं नावही नाही. आत एक नावाडी, त्याचा हट्टी रेडा आणि तोंडाळ बहीण. वर्गच्या वर्ग त्यांनी या गोष्टीवर गप्प बसवले. "लांबच्या माणसाला आमच्याकडची भांडणं इतकी बरोबर कशी कळतील हो?" असं त्या विचारत.

सिंगापूरला, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटवर त्या व्हिजिट पासवर आल्या, त्या इरासाठी. आमच्या लेकीला मराठी कळतं, पण तोंडातून इंग्रजीच येतं. "जेवलीस का गं?" "लेटर लाह, आजी." संवाद संपला. "जावईबापू, ही नात आहे की पेइंग गेस्ट?" असं त्या हसत विचारत, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर एलआरटीची छोटी रेल्वे बघत बसत. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता त्यांनी ठेवणीतली गोष्ट काढली. नाव निम्म्यावर आली आणि रेडा पाण्यात बसला. सोफ्यावरून आवाज आला, "आजी, इट्स अ म्यूल."

"खेचर," मी भाषांतर केलं.

इराने शाळेचं पुस्तक आणून दाखवलं. तोच नावाडी, तीच बहीण. नदी मात्र अमेरिकेतली आणि लेखकही तिकडचाच, जगभर गाजलेला. पूर्वी कुणीतरी रूपांतर करताना माणसं, गाव, जनावर, सगळंच मराठी करून टाकलं होतं.

सासूबाईंनी मेथी बाजूला सारली. "म्हणजे मी पोरांना परक्याचं सांगत होते."

"अहो, सगळ्या जगाला आवडतो तो," मी समजूत घातली.

"आवडत असेल. मला कुणी विचारलं नव्हतं."

गोष्ट बंद झाली. पण इरा आता भाजी निवडायच्या वेळी आपणहून येऊन बसू लागली. "पुस्तकात आहे की तुझ्या, वाच," म्हणून आजीने तिला उडवून लावलं. इराने शब्द जुळवले आणि ती अडखळत मराठीत म्हणाली, "पुस्तकातली बहीण जास्त भांडत नाही. तू सांग."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बहीण जरा मीच वाढवली होती," त्या हळूच म्हणाल्या, आणि नाव पुन्हा पाण्यात घातली.

पास संपला तेव्हा चांगी विमानतळावर त्या मला म्हणाल्या, "तो लेखक जगाला एवढा का आवडतो ते कळलं बरं का. प्रत्येकाला वाटतं, हा आपल्याच घरात कान लावून बसला होता. चोर मेला!" लेखकाला दिलेली ती त्यांची शेवटची पदवी.

त्या वर्षीच कऱ्हाडहून त्या गेल्याचा फोन आला. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. बायको स्वयंपाकघरात नुसती बसून होती. इरा तिच्याशेजारी फरशीवर जाऊन बसली आणि चुकतमाकत, पण सगळं मराठीत, नावाड्याची गोष्ट सांगू लागली. बहीण भांडायला उठली तेव्हा बायको रडता रडता हसली.

"आई, थांब ना," इरा म्हणाली, "ती अजून खूप बोलणार आहे."