तक्त्यातली एक बाई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगणार होते, ती गेली. आता तुम्हाला सांगतेय. एवढ्या वर्षांनी.

मी अमरावतीत बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. काम आकड्यांचं. गावोगाव जायचं, बायकांना विचारायचं — शेत कोणाच्या नावावर आहे, मजुरी कोणाच्या हातात पडते, घरात हात उचलला जातो का. मग ते आकडे घेऊन अधिकाऱ्यांपुढे बसायचं. बायकांना त्रास होतो म्हटलं की साहेब नुसती मान डोलावतात. आकडा दाखवला की पेन काढतात. हे मी अजूनही मानते. म्हणून तर —

थांबा, सरळच सांगते.

मूर्तिजापूरकडच्या एका गावात बेबीताई भेटली. माहेर-सासर एकाच गावात. वडिलांना मुलगा नव्हता, त्यांनी शेत तिच्या नावावर केलेलं. नवऱ्याला ते स्वतःच्या नावावर हवं होतं, त्यापायी तो मारायचा. बोलताना ती सारखी दाराकडे बघत होती. "माहं नाव तं नाई येनार न कोठी?" मी तिचा हात धरला. म्हटलं, नाव कोणाचंच येत नाही, ताई, फक्त आकडा जातो. तेव्हा कुठे तिनं मला पाठीवरचे वळ दाखवले.

अकोल्याला बैठक होती. तालुक्यासाठी समुपदेशन केंद्र मागायचं होतं. आमच्या मुख्य कार्यकर्त्या निर्मलाताई त्या दिवशी आजारी होत्या, पण त्यांनी आधीच बजावलं होतं — आकडे तालुक्याचे एकत्र दाखव, गावांची नावं टाकू नको. मी हो म्हटलं. आणि नावं टाकली. का? एकत्र आकडा मिळमिळीत वाटला मला. गावाचं नाव दिसलं की पुढाऱ्यांची बोलती बंद होईल, असं वाटलं. आणि लोक म्हणतील, पोरीनं काय तयारी केली — हेही वाटलं. लपवून काय करू?

पडद्यावर ती ओळ आली. गावाचं नाव. स्वतःच्या नावावर शेत असलेल्या बायका — एक. त्यांपैकी मारहाण होते म्हणणाऱ्या — एक.

बेबीताईचं नाव कुठेच नव्हतं. पण सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे गावाला सांगावं लागतं का?

गावोगावचे पंचायत सदस्य बोलावलेले होते. त्यांत तिचा दीर होता, हे मला ठाऊक नव्हतं. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही त्यानं. "मॅडम, आमच्या गावात बाईच्या नावाचं वावर एकच हाय. आमच्या वयनीचं. बराबर?"

मला ‘नाही’ असं म्हणता आलं असतं. आकडा टाकताना चूक झाली म्हणता आलं असतं. पण तो फार जवळ उभा होता. मी मान हलवली — होय अशी.

तो मोटरसायकल काढून निघून गेला. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. आज घरी थांबू नको, कुठे तरी निघून जा — एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण मग का, ते सांगावं लागलं असतं. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि अमरावतीच्या बसमध्ये बसले.

त्याच आठवड्यात तिचा हात मोडला. दवाखान्यात तिनं सांगितलं, पायरीवरून पडली. पुढे शेत नवऱ्याच्या नावावर झालं. निर्मलाताईंनी मला विचारलं, घरच्यांना कळलं कसं? मी म्हणाले, तीच कोणाजवळ बोलली असेल. इतक्या सहज म्हणाले, की मला माझीच भीती वाटली.

केंद्र मंजूर झालं. तिथे बायका येतात, त्यांना आधार मिळतो. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. तरी अनोळखी नंबर वाजला की मी फोन उचलत नाही.

मागच्या वर्षी मूर्तिजापूरच्या स्टँडवर तिनंच मला ओळखलं. मला वाटलं, आता ही चारचौघांत माझे वाभाडे काढणार. ती शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "ताई, म्या कोनालेच नाई सांगतलं व. मंग त्याहिले कसं कळलं? मले वाटते, मीच झोपीत बोलली असन."

आता ती स्वयंपाकघरात एकटी निजते म्हणाली. तोंडात पदराचा बोळा धरून.

मी काय केलं? अमरावतीची बस लागली होती. मी उठले आणि चढले.

तिला अजून काही माहीत नाही. ती अजून तशीच निजत असेल.