आत्याची दहा मिनिटं

माझी आत्या अकरा वर्षं टीव्हीवर जाण्यासाठी अर्ज करत होती. करत होती म्हणजे मी करत होते, ती नुसती शेजारी उभी असायची.

आत्या लाँड्रीत डाग काढते. मागच्या खोलीत, सिंकसमोर, उंच स्टुलावर बसून. डाग कशाचा आहे हे तिला बघताक्षणी कळतं, तरी ती गिऱ्हाइकाला विचारतेच, कारण लोक थापा मारतात आणि तिला त्यात मजा वाटते. "चहा म्हणे! चहा कधीपासून लिपस्टिक लावायला लागला?" जन्मभर ती दुसऱ्यांना विचारत आली. तिला मात्र कोणी काही विचारत नाही. तिने लग्न केलं नाही, आजी-आजोबा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली, आणि आम्ही तिला "चहा झाला का?" यापलीकडे काही विचारलं असेल असं मला आठवत नाही.

रोज संध्याकाळी सातला एक कार्यक्रम लागायचा. साधीसुधी माणसं यायची, आणि खेळ सुरू होण्याआधी निवेदक त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायचा. लहानपणी कोण व्हायचं होतं, कशाची भीती वाटते, कोणाची आठवण येते. आत्या डोळ्यांत तेल घालून ती दहा मिनिटं बघायची. पुढे बक्षिसांचा खेळ सुरू झाला की उठून भाजी निवडायला जायची. तिला बक्षीस नको होतं. तिला त्या खुर्चीत बसायचं होतं.

आता माझ्याबद्दल. अर्ज भरणं हा माझा धंदाच आहे. सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज भरून देते, दाखल्यांचे, परवान्यांचे, तक्रारींचे. आमच्यात एक नियम आहे, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा दिसला की साहेब अर्ज परत करतो आणि माणसाला हेलपाटा पडतो. म्हणून माहीत नसेल तिथे ठोकून द्यायचं. छंद विचारला की वाचन, स्वभाव विचारला की मनमिळाऊ. माझ्या टेबलावरून हजारो मनमिळाऊ माणसं पुढे गेली असतील, त्यांतली निम्मी माझ्यासमोरच हमरीतुमरीवर आलेली.

आत्याचा अर्जही मी असाच भरायचे, फोनवर, पाच मिनिटांत. ती ओले हात पुसत विचारायची, "काय काय विचारतात गं?"

"तेच नेहमीचं. मला माहितेय सगळं."

छंद, भरतकाम. न विसरता येणारा प्रसंग, भाचीचा जन्म. म्हणजे माझाच! तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. आत्या जरा वेळ घुटमळायची, मग म्हणायची, "पाठवलास?" मी "पाठवला" म्हटलं की आत जायची. पुढचे कित्येक आठवडे तिचा फोन वाफ लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सिंकशेजारी ठेवलेला असायचा.

शेवटी एकदाचा तो वाजला. भर दुपारी. मी माझं जाकीट न्यायला लाँड्रीत आले होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. आत्याचे हात साबणात, म्हणून तिने मला स्पीकर लावायला सांगितला. लाँड्रीच्या मालकांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"मॅडम, तुमचा अर्ज आवडला आम्हाला," पलीकडची मुलगी म्हणाली. "भरतकाम करता ना? एखादा नमुना आणाल?"

"भरतकाम?" आत्याने माझ्याकडे पाहिलं. "छे हो. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

मी मान हलवून, डोळे वटारून 'हो म्हण' असं खुणावत होते. आत्याला थापा ओळखता येतात, मारता येत नाहीत.

"बरं, भाचीच्या जन्माचा दिवस सांगा ना."

"मी परगावी होते तेव्हा."

"मग तुमचा न विसरता येणारा प्रसंग कोणता?"

आत्याने साबणातले हात बाहेर काढले. "खरंच विचारताय?"

"हो, सांगा ना."

"मी चौदा वर्षांची असताना नदी पोहून गेले होते. या काठावरून त्या काठावर, एकटी. पलीकडे जाऊन दगडावर बसले. मला परत यायचंच नव्हतं."

आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं की आत्याला पोहता येतं.

मुलगी म्हणाली, "किती छान. पण मॅडम, अर्जाशी काहीच जुळत नाही हो. जुळलं नाही तर वरचे लोक पुढे घेत नाहीत. अर्ज तुम्हीच भरला होता ना?"

आत्या माझ्याकडे बघत म्हणाली, "हो, मीच."

"कळवतो," असं म्हणून मुलीने फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी काही कळवलं नाही.

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फोन पुसला, पिशवी घडी करून खणात टाकली आणि एवढंच विचारलं, "कोण गं ती बाई, भरतकाम करणारी?"

पुढचा अर्ज तिने भरू दिला नाही. सात वाजता टीव्ही लागायचा, ती बघायचीही, पण परक्यांच्या लग्नाचे फोटो बघावेत तशी. मला ते बघवेना. दोन महिने मनात घोकून शेवटी एका संध्याकाळी मी म्हटलं, "आत्या, त्यांचं जाऊ दे. मी विचारते तुला."

"कशासाठी? अर्जासाठी?"

"नाही गं. अशीच."

तिने मला नीट निरखून पाहिलं. मग उठून टीव्ही बंद केला. केस सारखे केले, माझ्यासमोर खुर्ची ओढली, ताठ बसली आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, "हं, विचार."

मी तोंड उघडलं. डोक्यात रकाने आले, छंद, स्वभाव, प्रसंग. नदीचं विचारावं, तर ते तिने एका परक्या मुलीला सांगितलं होतं, मला नव्हे. आत्या मान जरा पुढे करून वाट बघत होती. इतकी वर्षं मी या बाईच्या सोबतीने राहत होते, आणि मला तिला विचारायला एकही प्रश्न सुचत नव्हता.