मोतीरामच्या भित्र्या विटा

मोतीरामने महेशचा पुढचा दात पाडला तो एका गिटारवरून. ती गिटार दोघांपैकी कोणाकडेच नव्हती. ती इंग्लंडात होती, आणि वाजवणाऱ्याने ती कधीच खुंटीला टांगली होती. वाद एवढाच होता की तो बँड सोडून गेल्यावर बाकीच्यांनी काढलेला तिसरा अल्बम खरा धरायचा की नाही. महेश म्हणाला, नाही. तेव्हापासून तो बोलला की मधूनच शिट्टी वाजते.

मोतीराम आमच्या पंचवटीतला फुलवाला. मखमलाबादला त्याची झेंडू-शेवंतीची शेती, आणि इथे बाजारात गाळा. झेंडूची भरली करंडी तो चहाच्या बशीसारखी उचलतो आणि वेळ आली तर माणूसही तसाच उचलतो. फुलांवरून चाक नेणाऱ्या एका रिक्षावाल्याला त्याने रिक्षासकट आडवा केला होता. मग स्वतःच रिक्षा उभी केली, हँडलला हार घातला आणि त्याला दवाखान्यातही त्याच रिक्षेतून नेलं. चालवली अर्थात मोतीरामनेच, त्यामुळे दवाखान्यात पोचेपर्यंत जखमी दोघे झाले होते.

अशा माणसाला विलायती गाणी कशी लागली? फ्लॉवरमुळे. भाजीच्या. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, बुधवारचा बाजार भरतो, तिथे जुन्या सामानात त्याला एक सीडी मिळाली. कव्हरवर फ्लॉवरचा हा एवढा गड्डा. त्या वर्षी त्याच्या शेतात फ्लॉवर होता आणि त्यावर अळी होती. त्याला वाटलं, औषधफवारणीची माहिती असणार. घरी लावली. एक माणूस हळू आवाजात काहीतरी सांगतोय, मागे गिटार टुणटुणतेय. मोतीराम वही-पेन घेऊन औषधाच्या नावाची वाट बघत बसला. तिसऱ्या गाण्याला त्याने पेन खाली ठेवलं, कारण डोळे पुसायचे होते.

"औषध काय आलं नाय," तो मला म्हणाला. "पण मास्तर, ह्या माणसाचं लय वाईट झालेलं हाय. आणि तरी ओरडत नाय. आपल्याकडं कुणाचं वाईट झालं की तो आधी दुसऱ्याचं डोकं फोडतो."

बँडचं नाव होतं 'द टिमिड ब्रिक्स'. मी त्याला अर्थ सांगितला: भित्र्या विटा. त्याने मान डोलावली. "बराबर. म्हणूनच कुणाला लागत नाय."

अळीने फ्लॉवर खाल्ला तो खाल्लाच. पण त्या वहीत मोतीरामने भित्र्या विटांनी काढलेलं एकूण एक काही लिहायला घेतलं आणि मागवायलाही. चार अल्बम, तीन ईपी म्हणजे छोटे अल्बम, अकरा सिंगल्स म्हणजे एकेका गाण्याच्या तबकड्या. प्रत्येकाचं साल, कव्हरचा रंग, कुठे ओरखडा आहे ते. दीपमालावहिनींनी लग्नात आणलेल्या कपाटात आता साड्या वरच्या फळीवर आणि विटा खालच्या तीन फळ्यांवर. फक्त वहीची पहिली ओळ कोरी होती. सगळ्यात पहिलं सिंगल. ताटलीएवढी तबकडी, प्रती फक्त तीनशे, आणि प्रत्येक कव्हरवर बँडवाल्यांनी चहाचा कप टेकवून गोल डाग पाडलेला. ती मिळेपर्यंत सेट अपुरा. "कोऱ्या ओळीकडं बघितलं की जेवण जात नाय," असं तो म्हणायचा आणि पाचवी भाकरी मागायचा.

महेश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. दसऱ्याला गाडीसाठी हार घ्यायला आला, तर गाळ्यावर मोतीरामच्या मोबाईलवर विटा चालू. महेश गुणगुणायला लागला. सबंध नाशिकमध्ये विटा ऐकणारी दोनच माणसं, आणि ती झेंडूच्या ढिगापाशी भेटली! मोतीरामने त्याला अशी मिठी मारली की बरगड्या वाजल्या. मैत्री चाळीस मिनिटं टिकली. मग तिसऱ्या अल्बमचा विषय निघाला आणि दात गेला.

पुढची सहा वर्षं ते नियमाने भेटत आणि नियमाने मारामारी करत. लाइव्ह रेकॉर्डिंग अल्बम धरायचा का, यावर महेशने तराजूची साखळी फिरवली आणि मोतीरामच्या भुवईला चार टाके पडले. जपानातल्या प्रतीत एक गाणं जास्त आहे ते वेगळं रिलीज की नाही, यावर महेशचं मनगट गेलं. वहिनी हळदीचा डबा गाळ्यावरच ठेवू लागल्या.

मग गेल्या फाल्गुनात पार्सल आलं. दोघांनीही, एकमेकांना न सांगता, बँडच्या जुन्या ड्रमरला ईमेल केला होता; मोतीरामचा मीच लिहून दिला होता. कॉलिन नावाचा हा गृहस्थ आता तिकडे बस चालवतो. एकाच गावातून दोन पत्रं आलेली बघून त्या भल्या माणसाने आपल्या मनाशी ठरवलं की हे जिवलग मित्र आहेत. त्याने स्वतःकडची शेवटची प्रत मोतीरामच्या पत्त्यावर पाठवली, दोघांच्या नावाने. आत चिठ्ठी: मिळून ऐका.

मोतीरामने चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली, घडी केली आणि खिशात घातली. "मिळून म्हंजे मी आणि दीपमाला. पाडव्याला ऐकू, वहीत बी तवाच लिहू."

पण कॉलिनने महेशलाही कळवलं होतं.

महेशने दिवस निवडला रंगपंचमीचा. त्या दिवशी पंचवटीत कोण कोणाला ओळखतो? आमच्या चौकातली रहाड, म्हणजे जमिनीखालचा दगडी हौद, वर्षभर फळ्या आणि मातीखाली झाकलेली असते. त्या दिवशी ती उघडतात, पूजा करतात, फुलं उकळून केलेल्या रंगाने भरतात, आणि मग सगळा गाव तिच्यात उड्या घेतो. उडी म्हणजे धप्पा. फुलं मोतीरामची, त्यामुळे तो काठावर मानाने उभा होता. तेवढ्यात महेश त्याच्या घरी गेला आणि वहिनींना म्हणाला, "वहिनी, मोतीरामने ते पार्सल मागवलंय." चेहरा सबंध गुलाबी. वहिनींनी दिलं.

चौक ओलांडताना ते पार्सल त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं, रंग लागू नये म्हणून. हजार गुलाबी तोंडांमध्ये मोतीरामला एक चौकोन सरकताना दिसला. खालचं तोंड हसत होतं, आणि त्या हसण्यात पुढच्या दाताची खिडकी होती. स्वतःच्या हातचं काम माणूस ओळखतो.

"माह्या घरात शिरतो का रे!"

"तुझ्या एकट्याचं नाही ते! माझं पण नाव आहे त्याच्यावर!"

पहिला ठोसा महेशच्या नाकावर बसला. रंग गुलाबी असल्यामुळे रक्त कोणाला दिसलं नाही आणि पोरं शिट्ट्या मारत राहिली. महेशचे हात वर अडकलेले, म्हणून त्याने लाथ घातली, मग गुडघा, मग मोतीरामच्या कानाला जो चावला तो सोडेचना. मी सोडवायला गेलो, तर कोणाचं तरी कोपर माझ्या चष्म्यात. दोघे एकमेकांत गुंतलेले काठावर आले आणि गेले खाली. लोक ओरडले, "धप्पा!" त्यांच्या मागोमाग आणखी चौघांनी उड्या घेतल्या, नेमक्या त्यांच्या डोक्यावर.

रहाड चांगली दोन पुरुष खोल. मोतीराम वर आला, महेश नाही. एकलहऱ्याच्या माणसाला पोहता येत नव्हतं.

मोतीरामने बुडी मारली. तो नंतर मला म्हणाला, "खरं सांगतो, मी तबकडीसाठीच गेलो व्हतो." तळाशी त्याच्या हाताला केस लागले. त्याने ओढलं. वर आल्यावर महेश धडपडायला लागला, तसा मोतीरामने त्याला गप्प करायला आणखी एक ठेवून दिली आणि काठाकडे रेटलं. "कट्टा धर! धर ना, मरशील!"

महेश कट्टा धरेना. तोंडातून गुलाबी पाणी येत होतं, डोळे पांढरे, पण दोन्ही हात छातीशी घट्ट. कट्टा धरायचा तर पार्सल सोडावं लागलं असतं.

मोतीरामने ते हात बघितले. मग त्याने महेशला पार्सलसकट झेंडूच्या करंडीसारखं उचललं आणि काठावर ठेवलं.

संध्याकाळी मोतीरामच्या घरी दोघे जाजमावर. एकाच्या नाकात कापूस, एकाच्या कानाला पट्टी, वहिनींच्या हातात हळद आणि तोंडात दोघांच्याही सात पिढ्या. कव्हर ओलं, गुलाबी, आणि चहाचा डाग धुऊन गेलेला. तबकडी पुसून लावली. दोनदा अडली, मग गाणं सुरू झालं. नाकात कापूस असूनही महेश रडला.

मग अर्थातच म्हणाला, "डाग गेला. म्हणजे ही मूळ प्रत धरता येणार नाही. तुझा सेट अपुराच."

मोतीरामची मूठ वळली. वहिनींनी डबा उघडला. मी चष्मा काढून ठेवला.

पण सबंध नाशिकमध्ये 'सेट अपुरा' म्हणायची अक्कल असलेला एकच माणूस समोर बसला होता, आणि 'पुरा' म्हणायचीही त्यालाच होती. मोतीरामने मूठ उघडली, कपाटातून वही काढली, पहिलं पान उघडलं आणि महेशपुढे सरकवली.

"तूच लिही मग. काय लिहायचं ते."

महेशने सुजलेल्या बोटांत पेन धरलं. बराच वेळ विचार केला. मग कोऱ्या ओळीवर लिहिलं: 'पहिलं सिंगल. कव्हर गुलाबी. मार खाल्लेलं, पण वाजतं. मालक दोन.'

मोतीरामने वाचलं. पुन्हा वाचलं.

"दोन?" तो म्हणाला, आणि बाही वर करू लागला.