पायाखाली थरथरणारे पेडल

मित्रहो, आज दुपारी धंतोलीतल्या रुग्णालयातून परतलो. माझी एक चूक आपल्यासमोर कबूल करणे मला आवश्यक वाटते.

परवा माझ्या धाकट्या भावाची मोटार पारशिवनीजवळ रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळली. त्याला फक्त खरचटले. शेजारी बसलेली त्याची पत्नी पुन्हा चालू शकेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

भाऊ म्हणाला, "दादा, जोरात ब्रेक दाबला तं पेडल पायाखाली थरथरून राहिलं होतं. मले वाटलं, काही तुटलं. मंग तू शिकवलं होतं तसं, सोडून सोडून दाबलं."

मी त्याला माझ्या जुन्या गाडीवर शिकवले होते. तिच्यात एकदम ब्रेक दाबला की चाके जाम होऊन गाडी घसरत असे. त्याच्या नव्या गाडीत एबीएस आहे. चाक जाम होऊ लागताच ही यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करते. थरथर त्याचीच असते. पाय घट्ट दाबून ठेवायचा आणि गाडी वळवायची. पाय उचलला की ब्रेकच सुटतो.

मला हे ठाऊक होते. त्याला सांगायचे राहून गेले.

आज सांगितले.  तो म्हणाला, "तिले नको सांगू. 'दादानं शिकवलं' म्हणे ती, अन् बिनधास्त बसे माझ्या बाजूला."

आपणही कुणाला जुन्या गाडीवर शिकवले आहे का? असल्यास आजच त्यांना फोन कराल का?