शाडूच्या मूर्ती आणि गाडीचे बुश

लग्न होऊन मी कर्जतला आले तेव्हा बाजारपेठेत आमचं पूजासाहित्याचं छोटं दुकान होतं आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी, इंग्रजी बनावटीची, मागे बंद डबा असलेली गाडी. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास मुंबईत कुठल्याशा बेकरीचे पाव पोहोचवून ती थकली होती. नवऱ्याने ती मोडीतून उचलली आणि स्वतःच्या हाताने मोरपिशी रंगवली. तिचं नाक गोल होतं, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले, आणि मागचं दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा. कडावहून नवऱ्याचे चुलते आले की म्हणायचे, "इकून टाक रं हिला. टेंपो घे." नवरा नुसता हसायचा आणि फडकं घेऊन काच पुसत बसायचा.

वर्षभर ती नारळ आणि कापूर वाहायची. तिचं खरं काम श्रावणात. पेणहून खोपोलीमार्गे गणपतीच्या मूर्ती आणायच्या. नवरा चालवायचा आणि मी मागे पेंढ्यात मूर्तींजवळ बसायची. मला ते आवडायचं. बंद गाडीत ओल्या मातीचा आणि रंगाचा वास भरून राहायचा, आणि सगळीकडून ते शांत डोळे माझ्याकडे बघत असायचे.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. त्या वर्षी दुकानाशी गाडी लावून मी पेंढा बाजूला करायला लागले आणि पहिल्याच मूर्तीची सोंड माझ्या हातात आली. दुसरीची बोटं गेली होती, तिसरीचा कान. प्लास्टरच्या मूर्ती बऱ्या होत्या, पण शाडूच्या बहुतेक सगळ्या कुठे ना कुठे दुखावल्या होत्या. पोशीरच्या एक काकू दर वर्षी आमच्याकडूनच शाडूची लहान मूर्ती न्यायच्या. डोक्यावर पाट घेऊन त्या आल्या, आपली मूर्ती पाहिली आणि तिला हातही लावला नाही.

"ह्यो आता नाय चालायचा गं," त्या हळूच म्हणाल्या. मूर्तीला नमस्कार केला आणि रिकामा पाट घेऊन परत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मला इतकं लागलं नसतं.

आम्ही दोघं पेणला गेलो. मूर्तींचा कारखाना एक बाई चालवायच्या. यजमान गेल्यावर त्यांनीच तो सांभाळला होता. कोपरापर्यंत हात पांढरे, कपाळावर मातीचा पट्टा, आणि जीभ धारदार.

"मी महिनाभर एकेक बोट घडवते," त्या म्हणाल्या, "आणि तुमची गाडी एका फेरीत मोडते. यंदा गेल्या त्या गेल्या. पुढच्या साली प्लास्टरच्या न्या. शाडूची मी तुम्हाला देणार नाही."

परतीच्या वाटेवर नवऱ्याने गाडी हळू घेतली. पळसदरीच्या वळणांवर गाडी डुलली की मागून खट्, खट् असा आवाज येत होता. मी म्हटलं, "अहो, हा आवाज ऐका. मूर्ती मोडतात ते ह्या आवाजानं. खड्ड्यानं नाही."

दिवाळी झाल्यावर त्याने गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि खाली शिरला. मीही वाकून पाहिलं. गाडीचं सगळं ओझं पोलादी पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या लवचीक पट्ट्यांवर असतं. पाट्याच्या टोकांना गोल डोळे असतात आणि त्या डोळ्यांत रबराची जाड नळी बसवलेली असते. तिला बुश म्हणतात. ती मध्ये असते म्हणून लोखंड लोखंडावर आदळत नाही. आमच्या गाडीत तिथे रबर उरलंच नव्हतं, नुसता काळा चुरा. बोटाने उकरला तर कोंड्यासारखा खाली पडला.

माझा धाकटा भाऊ तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात लेथवर होता. रविवारी जेवायला आला तो खिशातून एक पिवळा तुकडा काढूनच. चिक्कीसारखा रंग, आणि आरपार उजेड दिसेल असा.

"भावजी, हे बघा. पॉलियुरेथेन. आमच्या ट्रॉल्यांची चाकं ह्याची असतात. तेल पडू दे, ऊन पडू दे, काही होत नाही. साहेबांनी मोडीतला रोलर न्यायला परवानगी दिलीय. मी बुश कातून देतो. रबर घालाल तर चार पावसाळ्यांत परत चुरा."

नवऱ्याने तुकडा हातात फिरवला, दगडावर आपटला. त्याचे डोळे चमकले. "म्हणजे गाडी जन्मभर टिकंल?"

"तुम्ही आणि मी नसू, पण हे बुश असतील."

मी ताट वाढता वाढता त्या तुकड्यावर अंगठा दाबला. तो दबला नाही. "अरे, हे तर कडक आहे," मी म्हटलं. "ह्यावर गणपती कसे बसायचे?"

"ताई, गाडी डुलणारच नाही, मग मोडतील कशाला?"

ऐकायला ते बरोबर होतं. पण मागे पेंढ्यात मी बसत होते. गाडीचं डुलणं वेगळं आणि गाडीचं आदळणं वेगळं, एवढं माझ्या पाठीला माहीत होतं. मी म्हटलं, "घाला. पण आधी परीक्षा घेऊ. खऱ्या मूर्ती भरण्याआधी."

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मी एकटीच पेणला गेले. बाईंना म्हटलं, "बिघडलेल्या मूर्ती द्या. वाकड्या, रंग न लावलेल्या, कशाही. शाडूच्या हव्यात."

"कशाला?"

"गाडीची परीक्षा घ्यायचीय."

बाईंनी हातातली माती खाली ठेवली. मग आत गेल्या आणि फळीवरच्या जवळच्या मूर्ती सोडून मागच्या कोपऱ्यातल्या घेऊन आल्या. बोटं काडीसारखी बारीक, कानाच्या पाळ्या पानासारख्या पातळ. "पाट वाकडे झालेत म्हणून ठेवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "ह्या टिकल्या तर कुठल्याही टिकतील." मी त्या मांडीवर घेऊन घरी आणल्या. एस.टी.तल्या बायांनी सरकून मला खिडकीची जागा दिली.

भावाने पिवळे बुश झकास कातले होते. पुढे-मागे सगळीकडे तेच बसवले. पुढच्या रविवारी मूर्ती पेंढ्यात ठेवल्या आणि खोपोलीपर्यंत जाऊन यायचं ठरलं. भाऊ पुढे बसला, मी मागे.

पुढून नवऱ्याचा आनंद ऐकू येत होता. "अरे, काय पळतेय! सुकाणू हलवायलाच नको! रेघ मारल्यासारखी चाललीय!" आणि खरंच, वळणावर गाडी डुलली नाही. खट् आवाज पार गेला. पण मी तळहात फळीवर टेकवला तेव्हा हाताला मुंग्या आल्या. रस्त्यावरचा प्रत्येक खडा बारीक थरथर होऊन वर येत होता. माझे दात वाजत होते. जवळच्या मूर्तीकडे पाहिलं तर तिची बोटं हातमागाच्या सुतासारखी कापत होती.

घरी आल्यावर तिघांनी मिळून मूर्ती बाहेर काढल्या. एकही पडली नव्हती. भाऊ टाळी वाजवणार, तेवढ्यात मी एक मूर्ती उजेडात धरली. करंगळीच्या मुळाशी केसासारखी रेघ. दुसरीच्या कानापाशी तशीच. मी नखाने हलकंच टोचलं आणि पाळी माझ्या पदरात पडली.

मग भावानेच ती पाळी उचलून नीट पाहिली. "डुलण्यानं नाही, थरथरीनं गेली," तो म्हणाला. "ताई, तू म्हणत होतीस ते हेच."

"मग काढायचे हे?" नवऱ्याचा आवाज इतका पडला होता की मला हसू आलं. लहान मुलाच्या हातून पतंग घेतल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"सगळे कशाला काढता?" मी म्हटलं. "तुम्ही पुढे बसता, तुम्हाला सुकाणू घट्ट हवं. पुढचे पिवळेच ठेवा. मागच्या पाट्यांना रबर घाला. मागे गणपती बसतात."

भाऊ उकिडवा बसून जमिनीवर काडीने पाटे काढायला लागला. रेघा ओढता ओढता म्हणाला, "होईल. पण रबर चांगलं पाहिजे. बाजारात जुन्या टायरचं वितळवून केलेलं देतात, ते ह्याच्यापेक्षा वाईट."

रबर आणायला मीच त्याच्याबरोबर मुंबईला गेले. सुट्या भागांच्या बाजारात दुकानदार भावाशी बोलायचा आणि मी बुश अंगठ्याने दाबून बघायची. एक दुकानदार म्हणाला, "बाई, आंबे नाहीत हे." मी म्हटलं, "आंब्यासारखेच बघायचेत. दाबल्यावर दबला पाहिजे आणि सोडल्यावर परत आला पाहिजे." खूप दुकानं फिरल्यावर एके ठिकाणी तसे मिळाले. मऊ पण अंगात जीव असलेले. भावाने त्यांना मापात बसतील अशा लोखंडी नळ्या कातल्या. नट आवळताना मी नवऱ्याला सांगितलं, गाडी ठोकळ्यांवर लटकत असताना नको, चाकं जमिनीवर टेकवून, गाडीत ओझं ठेवून आवळा. ते मला त्या दुकानदाराच्या म्हाताऱ्या वडिलांनी सांगितलं होतं. नाहीतर रबर पिळून बसतं आणि लवकर फाटतं. ओझं म्हणून नवऱ्याने आमच्या कडावच्या चुलत्यांनाच मागे बसवलं. "गणपती म्हनून मला बसवला काय रं?" असं ते ओरडत होते आणि आम्ही हसत हसत नट आवळत होतो.

दुसऱ्या परीक्षेला पहिल्या फेरीत धड राहिलेल्या मूर्ती पेंढ्यात ठेवल्या आणि मी परत मागे. खोपोलीचा रस्ता तसाच खड्ड्यांचा. गाडी खड्ड्यात जायची आणि एखाद्या बाईने डोक्यावरचा हंडा सांभाळत पाय टाकावा तशी उतरायची, चढायची. तळहाताला मुंग्या नाहीत. मूर्तींची बोटं स्थिर. घरी येऊन एकेक मूर्ती उजेडात धरली, नखाने टोचून पाहिली. एकही रेघ नव्हती. भावाने मला उचलून गोल फिरवलं, शेजारपाजार बघत असताना.

श्रावणात आम्ही पेणला गेलो. मी बाईंना म्हटलं, "त्या परीक्षेत पास झालो. आता शाडूच्या द्या."

"तू सांगशील ते मी कशावरून मानू?" बाईंनी हात पदराला पुसले. "मी येते. मागे बसून."

त्यांनी मूर्ती तर भरल्याच, वर कर्जतच्या एका मंडळासाठी केलेली मोठी शाडूची मूर्तीही चढवली. ती दुसऱ्या गाडीने जायची होती. चौघांनी ती आत ठेवली. मी आणि बाई दोन बाजूंना बसलो. दार तिजोरीसारखं मिटलं.

पहिल्या खड्ड्याला बाईंनी मोठ्या मूर्तीच्या सोंडेखाली दोन्ही हात धरले. दुसऱ्यालाही. खोपोली यायच्या आत त्यांचे हात मांडीवर आले होते. पळसदरीच्या वळणांवर तर त्या मला आपल्या यजमानांच्या गोष्टी सांगत होत्या, ते डोळे रेखताना कसे कोणाशी बोलायचे नाहीत ते.

कर्जतच्या बाजारात मंडळाची पोरं, गिऱ्हाइकं, दुकानदार सगळे जमले होते. नवऱ्याने दार उघडलं. बाई आधी खाली उतरल्या आणि कोणालाही पुढे येऊ दिलं नाही. मोठी मूर्ती उतरवून पाटावर ठेवल्यावर त्या तिच्याभोवती फिरल्या. बोटं, सोंड, कान, उंदराची शेपटी. मग लहान मूर्ती. मी त्यांच्या मागे मागे.

शेवटची मूर्ती खाली ठेवून बाई वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एक नख नाही गेलं."

पोरांनी एकदम मोरयाचा गजर केला. ताशावाला कुठून आला कोण जाणे, त्याने तिथेच ताशा सुरू केला. पोशीरच्या काकू गर्दीतून वाट काढत पुढे आल्या, आपली मूर्ती छातीशी घेतली आणि मला म्हणाल्या, "आला गं माजा बाप्पा." नवरा गाडीच्या गोल नाकावर थापा मारत होता आणि भाऊ जो भेटेल त्याला पाट्याखाली वाकवून दाखवत होता, "पुढं पिवळे, मागं रबर. डोकं ताईचं, हात माझे!"

बाई आमच्याकडे जेवल्या. निघताना नवऱ्याने त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं, तर त्या सरळ पुढे जाऊन बसल्या. "मागे काम होतं म्हणून बसले," त्या म्हणाल्या. "आता जरा तुमची पिवळी बाजू बघू दे. आणि जरा जोरात घ्या हं." नवऱ्याने चावी फिरवली आणि आम्ही तिघं पुढच्याच बाकावर दाटीवाटीने बसून, रिकामी गाडी घेऊन, पळसदरीची वळणं घेत सुसाट पेणला निघालो. प्रत्येक वळणावर बाई लहान पोरीसारख्या हसत होत्या.